एकमतानं वगळलेलं चर्च

आजच्या समारंभाचे आणि आपल्या मंडळाचेही अध्यक्ष माननीय नंदनराव सबनीस, खास टोरांटोहून आलेल्या प्रमुख पाहुण्या डॉक्टर विजयालक्ष्मीताई, जिला निरोप द्यायला आपण जमलो ती माझी मैत्रीण डेल्फिन तुस्कानो, तिचा मुलगा गॅविन, आणि मिल्टनच्या या हॉलबाहेर पार्किंग शोधून शोधून दमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

डेल्फिनबद्दल मी चार गोड शब्द बोलावेत असं कार्यकारिणीनं सांगितलं होतं. बोलणारच होते. वसईची ही कॅथलिक बाई गेली कित्येक वर्षं आपल्या गणपतीच्या नैवेद्याचे मोदक करते. तिचा नवरा सिरील थंडीत संक्रांतीच्या कार्यक्रमाआधी येऊन या हॉलच्या वाटेवरचा बर्फ शोव्हल करायचा, म्हणून आपली गुडघेदुखीवाली मंडळी न घसरता तिळगूळ घेऊ शकली. आता डेल्फिन गॅविनकडे कायमची कोक्विटलामला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, निघाली आहे. पण आत्ताच अध्यक्ष म्हणाले, ‘जुलैची आपली क्यूबेकची सहलही डेल्फिनबाईंच्या साथीनं, एकमतानं आणि आनंदात पार पडली.’

एकमतानं? नंदनराव, हा शब्द ऐकला आणि माझे गोड शब्द मी बाजूला ठेवले.

विजयालक्ष्मीताई सहलीला नव्हत्या, म्हणून त्यांच्यासाठी सांगते. कॅनडाला दीडशे वर्षं झाली म्हणून मंडळानं बस केली. ओटावा, क्यूबेक, क्यूबेकच्या पुढे बोप्रे गावचं सेंट अ‍ॅनचं मोठं चर्च, मग मॉन्ट्रियल आणि परत घरी. किंग्स्टनच्या आधीच एसी बंद पडला. ते मशीन आहे, मशीनवर मी रागवत नाही. पण ओटावाला न जाता बस कनाटाला का वळली? तर तिथे अध्यक्षांचे साडू राहतात! ‘चहा घेतल्याशिवाय गेलो तर त्यांना वाईट वाटेल.’ अहो, एका टाउनहाउसमध्ये अख्खी बस? बेसमेंटमध्ये सतरंज्या, एकच वॉशरूम आणि जिन्यावर रांग. साडूंच्या मिसेस बिचाऱ्या दर पाच मिनिटांनी दुधाची नवी पिशवी फोडत होत्या. गल्लीत बस वळेना म्हणून ड्रायव्हर फ्रेंचमध्ये जे काही बोलला, ते न कळूनही कळलं.

ओटावाला पोचलो तर हॉटेलनं आमच्या खोल्या दुसऱ्यांना देऊन टाकलेल्या. दीडशेव्या वर्षाची गर्दी, आणि आम्ही चहा पीत बसलेलो. मुक्काम पुढे कॉर्नवॉलला झाला. पार्लमेंट खिडकीतून पाहिलं, तेही पावसात. दुसऱ्या दिवशी कुणाला अ‍ॅसिडिटी म्हणून थांबलो, कुणाला धबधब्यापाशी फोटो काढायचे म्हणून थांबलो. प्रत्येकाचं मन राखलं गेलं, मी नाही म्हणत नाही. त्या संध्याकाळचं चर्च मात्र तिसऱ्या दिवसावर गेलं.

आता काठीबद्दल सांगते. हो डेल्फिन, सांगणार आहे. खुणा करू नकोस.

डेल्फिन बसमध्ये एक काठी घेऊन बसली होती. आपण तिची काय थट्टा केली! ‘काय डेल्फिनबाई, आत्ताच म्हातारपण?’ तीच काठी घेऊन कुणी एसीची जाळी ठोकली, कुणी वरची बॅग ओढली. ती दर वेळी हसून परत घ्यायची आणि रुमालानं पुसायची. आपल्यापैकी एकाला तरी प्रश्न पडला का, की धडधाकट चालणारी बाई काठी कशाला घेऊन आली?

ती सिरीलची काठी होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यानं नवस केला होता, ‘ही काठी सुटली की बोप्रेला सेंट अ‍ॅनच्या पायाशी ठेवीन.’ अ‍ॅन म्हणजे मेरीची आई, येशूची आजी. बरे झालेले लोक आपल्या कुबड्या आणि काठ्या तिथे ठेवून जातात. सिरीलची काठी सुटली. गॅविनच्या लग्नात तो नाचला, आपण सगळ्यांनी पाहिलं. पण बोप्रेला जायच्या आधीच त्याला हार्ट अटॅक आला. हॉस्पिटलमध्ये त्यानं एका मित्राचा हात धरून सांगितलं, ‘माझी काठी तेवढी पोचव.’ त्या मित्रानं शब्द दिला, आणि सिरील गेला. नंदनराव, तो मित्र कोण होता हे मी सांगू, की तुम्ही सांगता?

चर्च आपल्या कार्यक्रमात आलं ते त्या शब्दामुळे. डेल्फिननं सहलीला नाव दिलं ते त्यासाठी. आणि तिसऱ्या दिवशी, क्यूबेक शहराबाहेरच्या पेट्रोल पंपावर, चर्च अर्ध्या तासावर असताना, अध्यक्षांनी माइक घेतला. ‘मंडळी, चर्चला गेलो तर मॉन्ट्रियलचा इंडियन बुफे बंद होईल. दोन दिवस ब्रेड खाऊन तोंड आलंय. वरणभात की चर्च? वरणभातवाल्यांनी हात वर करा!’ शब्द दिला होता एकानं, आणि मत घेतलं सगळ्यांचं! ही कुठली रीत?

मी तेव्हा वॉशरूमच्या रांगेत होते. परत आले तेव्हा बस वळलेली होती.

आणि डेल्फिननं काय केलं? तिनंही हात वर केला. हे तुमचं एकमत! परतीच्या वाटेवर मी तिला विचारलं, ‘अगं, का?’ तर म्हणाली, ‘सगळ्यांना भूक लागलेली, प्रमोदिनी. मी एकटीनं हात खाली ठेवला असता तर त्यांना जेवण गोड लागलं नसतं.’ मला इतका संताप आला, की तिच्यावरसुद्धा आला. आणि रडूही आलं.

बुफे मिळाला का म्हणता? मॉन्ट्रियलमध्ये प्रत्येक रस्ता खणलेला. पोचलो तेव्हा दाराला कुलूप होतं. पार्किंग लॉटमध्ये उभ्यानं थंडगार फ्राइज खाल्ले, अध्यक्षांनी माइकवर विचारलं ‘मजा आली ना?’, आणि आपण टाळ्या वाजवल्या. अशाच टाळ्या आता डेल्फिनला ही शाल पांघरताना वाजवणार आहोत.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. आवरतेच. काल मी विंटर टायर्स लावून घेतले. येत्या शनिवारी माझी गाडी बोप्रेला जाते आहे. डेल्फिन, तुला हे आत्ताच कळतंय. गॅविननं विमानाची तिकिटं पुढे ढकलली आहेत, मी त्याला फोन केला होता. ‘आँटी, आय वॉज वेटिंग फॉर समवन टू आस्क,’ म्हणाला. वाटेत कुणाच्या साडूकडे थांबणार नाही. मागे एक जागा रिकामी आहे. नंदनराव, ती तुमची आहे. सिरीलनं हात तुमचा धरला होता. माइक घरी ठेवा आणि नुसते या.

आपण शांतपणे ऐकलंत, निदान कुणी उठून गेलं नाही, त्याबद्दल सभागृहाचे आणि पाहुण्यांचे आभार मानते. माझ्या बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, तर डेल्फिन, तू मला माफ कर. बाकी कुणाला माझा राग आला असेल, तर माझ्याशी भांडायला जरूर यावं. पण आधी हिची माफी मागून यावं.