सोनेरी पाटी

...आणि पाटी तरी केवढी म्हणाल, तर दारापेक्षा पाटीचाच थाट जास्त! ‘क्रीडा मानसशास्त्रज्ञ’, तेही सोनेरी अक्षरांत. आता तुम्हीच सांगा, आमच्या फुटबॉल क्लबातला कुठला खेळाडू चारचौघांदेखत त्या दारातून आत शिरेल? शिरला की बाहेर कुजबुज, ‘याच्या डोक्यात काहीतरी बिनसलंय’, की शनिवारच्या टीममधून नाव गायब.

पूर्वी बरं होतं हो. मला बसायला सामानाची खोली होती, त्यात जाळ्या, बॉलची पोती, ओल्या मोज्यांचा वास आणि कोपऱ्यात हवा भरायचा पंप. लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं होतं, ‘म्हणजे तुम्ही नक्की करता काय?’ मी अर्धा तास समजावलं, मन म्हणजे काय, दडपण म्हणजे काय... सगळं ऐकून ते सासूबाईंकडे वळले. ‘क्लबात असतात.’

पण तुम्हाला सांगतो, त्या खोलीत माणसं यायची. बगलेत बॉल मारून, ‘जरा हवा भरायची होती.’ बॉल दगडासारखा टणक! माझी रीत ठरलेली. आधी गुपचूप हवा सोडायची, मग पंप त्याच्या हातात द्यायचा. पंप मारताना माणूस खाली बघतो ना, आणि खाली बघितलं की खरं बोलतो. आमचा गोलकीपर एवढा धिप्पाड, की दारात आला की उजेड अडायचा, पण पंप मारता मारता हळूच म्हणाला, ‘सर, पेनल्टीला मला माझे पायच जाणवत नाहीत.’ दोन बॉल फुगेपर्यंत बोललो आम्ही. पुढच्या सामन्यात त्यानं पेनल्टी अडवली, आणि कोच छाती काढून सगळ्यांना सांगतायत, ‘उजवीकडे झेप घे, असं मीच म्हटलं होतं.’ आता माझं नाव कोण घेणार? मी पंपवाला.

म्हणून मीच कुरकुर केली हो, मान नाही, धड खोली नाही... मिळाली खोली. फिरती खुर्ची, पडदे, कुंडी, आणि दारावर ती सोनेरी पाटी. आणि तेव्हापासून कुत्रं फिरकलं नाही. कुंडीशी बोलायला लागलो मी! मग एक दिवस सेक्रेटरी आले, रिकामी खुर्ची एकदा गर्रकन फिरवली आणि म्हणाले, ‘साहेब, म्हणजे तुम्ही नक्की करता काय? कमिटी विचारतेय. महिनाअखेरपर्यंत असंच राहिलं तर तुमची जागा बंद.’

तसाच उठलो, जुन्या खोलीत गेलो. तोच वास... पोत्यावर टेकलो, तर समोर कोपऱ्यात पंप. मग तो पुसला, तेल घातलं, उचलून नव्या खोलीत आणला, आणि सुताराला बोलावून पाटी बदलून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारातला उजेड अडला. गोलकीपर, बगलेत बॉल. त्याच्यामागे कॅप्टन, बगलेत बॉल. आणि सगळ्यात मागे, इकडेतिकडे बघत, बगलेत बॉल घेऊन... स्वतः कोच!

नोकरी टिकली म्हणा. परवा सासरे क्लबात आले होते. चष्मा वर करून त्यांनी दारावरची नवी पाटी वाचली, ‘हवा भरून मिळेल’. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, ‘अहो जावईबापू, एवढंच होतं, तर लग्नाच्या वेळी सांगायला काय झालं होतं?’