साडेसहाला येणारी गाडी

या, पुढं सरका मंडळी. मागं बाया उभ्या आहेत, त्यांना जागा द्या. आणि मृदंगबुवा, जरा हात आवरा — आजच्या आख्यानाला आवाज कमीच लागतो.

आधी एक प्रश्न. माणूस घरी आला, असं कधी म्हणायचं? सांगा की! उंबरा ओलांडला की? चपला काढल्या की? आमच्या घरी विचाराल तर भाजीची पिशवी दिसल्याशिवाय मी आलो असं कुणी मानतच नाही, ते सोडा! पण जो आत आला तो आपलाच माणूस आहे, हे ठरवायचं कुणी? येणाऱ्यानं? का जे वाट बघत बसलंय, त्यानं? हसू नका. प्रश्न सोपा वाटतोय. गोष्ट संपेपर्यंत तसा राहणार नाही.

आज पुराण नाही, राजा नाही, राक्षस नाही. आज मोटारसायकल! — बघा, बघा, खांबाजवळची तरुण मंडळी मोबाईल खिशात घालायला लागली. घाला.

निगवडी नावाचं गाव. गावाच्या तोंडाशी कालवा, कालव्यावर पूल, पुलापासून पाचव्या घरात धैर्यशील खराडे राहायचा. दूध संघात दुधाचं फॅट मोजायचा. नाव धैर्यशील, पण आवाज असा, की हॉटेलात "पाणी द्या" म्हटलं तर शेजारच्या टेबलावर पाणी जायचं! बारीक बोलायचा. कचेरीत आला कधी, गेला कधी, कुणाला पत्ता नसायचा. चांगला माणूस होता हो. पण आपण कुणाच्या लक्षातच येत नाही, हे त्याच्या मनाला फार लागायचं.

घरात बायको शैलजा आणि वडील. वडलांना आबा म्हणायचे. आबांनी तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपावर काढली. लांबून मोटर ऐकायचे आणि सांगायचे, "बेअरिंग गेलंय, बंद करा." साखरेच्या आजारानं पुढं डोळे गेले, पण कान शाबूत. दारातल्या सोप्यात खाटेवर बसून असायचे. रोज साडेसहाला धैर्यशीलची गाडी पुलावर चढली की आबांची मान वर व्हायची — "शैले, आला गं! चा ठेव!" पुलावरनं पिंपळाचं वळण घेऊन दाराशी यायला एक मिनिट. तेवढ्यात आबांनी टोपी नीट करायची, खाटेवर जागा करायची. मग लेकानं टेकायचं, आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "बोल."

मंडळी, या माणसाला वाटायचं, आपल्या येण्याची कुणी दखल घेत नाही! आणि इकडं एक आंधळा बाप दिवसभर तेवढ्या एका आवाजासाठी कान लावून बसायचा. ऐकून घेणारं माणूस घरातच असलं की ते मोजायचं राहून जातं. माझं राहिलंय, तुमचंही राहिलं असेल.

गाडी कसली? ती क्रूझर म्हणतात ती. बुटकी, लांबलचक, रुंद हँडलची, पाय पुढं पसरून आरामखुर्चीत बसल्यासारखं बसायचं. आवाज खोल, पण सौम्य. मग रविवारचे फिरायला जाणारे चार गाडीवाले भेटले. ते म्हणाले, "धैर्यशील, एवढी गाडी आणि आवाज पिठाच्या गिरणीचा? सायलेन्सर बदल!"

झालं! गेला दस्तगीर मिस्त्रीकडं.

दस्तगीर म्हणजे गाडी तपासायची त्याची रीत वेगळी. इंजिन सुरू करायचा, डोळे मिटायचा आणि सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरायचा. हाताला फुंकर कशी लागते त्यावरनं सांगायचा, आत काय चाललंय ते. धैर्यशीलच्या गाडीला हात लावला आणि म्हणाला, "साहेब, श्वास एकदम ठीक आहे. कशाला छेडता?"

"मोकळा सायलेन्सर बसवा," धैर्यशील म्हणाला. "आतली जाळीपण काढा."

बसवला. किल्ली फिरवली — धडाड्! समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. चौकातली पन्नास माणसं वळून बघायला लागली. धैर्यशीलच्या अंगावर काटा आला, सुखाचा! आयुष्यात पहिल्यांदा पन्नास माणसांनी त्याच्याकडं बघितलं होतं.

दस्तगीरनं जुना सायलेन्सर पुसला आणि पुढं केला. "हा घरी न्या. कंपनीचा माल टाकत नसतात."

"ठेवा तुमच्याकडंच. मला काय करायचाय?"

आता हे एकदा सुरू झालं की थांबतं होय? सायलेन्सर मोकळा झाला, मग हवा जास्त पाहिजे — हवेचा मोठा फिल्टर बसवला. हवा वाढली, मग पेट्रोल वाढवा — लॅपटॉप लावून इंजिनाचा मेंदू बदलला. मग आतले कॅम बदलले, झडपा जास्त उघडाव्यात म्हणून. आपल्या दिंडीत नाही का, आधी एक कर्णा, मग दुसरा, मग जनरेटर, मग जनरेटरला ट्रॅक्टर! (सरपंच, तुम्हाला नाही म्हटलं.) चार महिन्यांत गाडी अशी झाली, की धावते तेव्हा बसणाऱ्यालाही स्वतःचा विचार ऐकू येऊ नये. आणि रोज संध्याकाळी कचेरी सुटली की घाटापर्यंत एक चक्कर. घरी यायला साडेसहाचे साडेसात झाले, कधी आठ.

आणि इथून पुढं मंडळी, जरा जवळ सरकून बसा. भुताच्या गोष्टी अंधारात सांगतात. ही उजेडातली आहे. चैत्राचा महिना, साडेसहाला अंगणात अजून तिरपं ऊन.

एक दिवस शैलजा नवऱ्याला म्हणाली, "अहो, तुम्ही आज साडेसहाला येऊन गेलात का?"

"मी? घाटात होतो."

"आबा म्हणाले, आला गं, चा ठेव. मी ठेवला. बाहेर आले तर आबा खाटेवर सरकून बसलेले. शेजारी कुणी नाही. आणि हात असा... असा वर धरलेला. कुणाच्या तरी खांद्यावर असावा तसा."

"वय झालंय त्यांचं," धैर्यशील म्हणाला. आपण सगळे असंच म्हणतो. म्हाताऱ्यानं आपल्याला न पटणारं काही सांगितलं, की वय झालं!

 शैलजा हळूच म्हणाली, "अहो, पण मीपण ऐकली. पुलावरनं आली. दाराशी बंद झाली. तुमची जुनी गाडी."

दुसऱ्या आठवड्यात तो धडधडत दारात आला, साडेसात वाजता. हेल्मेट काढलं. सोप्यात आबा बसलेले, शेजारच्या रिकाम्या जागेपुढं चहाचा कप, चहावर साय धरलेली. आबांनी आवाजाकडं तोंड केलं. "कोण आलंय?"

"मी, आबा."

"बसा की पाहुणं. कुठनं आलासा?"

अहो, पाहुणं! बापानं! धैर्यशीलला हसू आलं, आणि ते अर्ध्यात थांबलं. कारण आबांनी मान दुसऱ्या बाजूला वळवली, रिकाम्या जागेकडं, आणि आवाज बारीक करून विचारलं, "धैर्या, वळखीचं हैत काय रं?"

आणि गप्प राहून ऐकून घेतलं. आणि मान हलवली.

डॉक्टर झाले. डॉक्टर म्हणाले, विसरायचा आजार आहे. असेल! पण आजार आबांना होता, शैलजाला नव्हता. शेवटी धैर्यशीलनं ठरवलं, स्वतः बघायचं. रजा टाकली, गाडी दस्तगीरकडं ठेवली, पायी घरी आला आणि सहा वाजता सोप्यात, आबांच्या समोर, भिंतीला पाठ लावून उभा राहिला. बोलला नाही. श्वाससुद्धा जपून घेतला.

साडेसहा झाले.

पुलावर गाडी चढली.

मंडळी, आपला आवाज आपण टेपवर ऐकला की कसा परका वाटतो? याला उलटं झालं. त्याला तो आवाज इतका आपला वाटला, की हात आपसूक खिशात किल्ली शोधायला लागला. तोच खोल, सौम्य ठोका. पिंपळाच्या वळणावर गिअर कमी केला — तो करायचा तिथंच. दाराशी येऊन बंद झाली. स्टँड लावल्याचा खट् आवाज. आणि मग कुणीतरी घसा साफ केला. त्याचाच घसा! अंगणात ऊन होतं. अंगणात कुणी नव्हतं.

आणि आबांचं तोंड! किती महिने झाले होते, धैर्यशीलनं ते तोंड असं बघितलं नव्हतं. टोपी नीट केली, सरकून जागा केली. खाटेची पट्टी करकरली. आबांनी हात वर धरला. "बोल," म्हणाले.

समोर चार फुटांवर त्यांचा सख्खा मुलगा उभा होता. त्याला राहवलं नाही. "आबा, मी इथं आहे," तो म्हणाला.

आबा दचकले. घाबरले हो! हात त्या हवेतल्या खांद्यावर घट्ट आवळला आणि म्हणाले, "धैर्या, घरात कोण शिरलंय बघ."

भीती कशाची असते सांगू? भूत दिसलं म्हणून नव्हे. आपल्याच घरात भूत आपण आहोत, हे कळलं की माणूस भितो. धैर्यशील चौकात पळत गेला. "दस्तगीरभाई, जुना सायलेन्सर! आहे का टाकला?"

खिळ्याला टांगलेला होता. दस्तगीरनं दोन दिवस खपून सगळं काढलं. कॅम जुने, फिल्टर जुना, इंजिनाचा मेंदू होता तसा केला. शेवटी डोळे मिटून तळहात धरला. बराच वेळ धरला. "सगळं तेच आहे साहेब," म्हणाला, "पण मला जुनी फुंकर लागत नाही. का, ते मला सांगता येत नाही."

धैर्यशील बरोब्बर साडेसहाला पुलावर चढला. पिंपळाच्या वळणावर गिअर कमी केला. दाराशी गाडी बंद केली, घसा साफ केला, आत गेला. आबा म्हणाले, "या पाहुणं! तुमची गाडी अक्षी आमच्या धैर्याच्या गाडीसारखी हाय की! आत्ताच आलाय बगा, बसा."

कसं वाटलं असेल? सांगा मला! मी तर त्याच्या जागी दगड उचलून गाडीवर घातला असता. त्यानं नाही घातला. गाडी मागच्या पडवीत लावली आणि दुसऱ्या दिवसापासनं पायी यायला लागला. कचेरीतनं आधी निघून, रोज सहाच्या आत. आबांच्या पायथ्याशी बसायचा, पाय चेपायचा, बारीक आवाजात दिवसभराचं सांगायचा — आज म्हशीचं फॅट किती लागलं, कुणाच्या दुधात पाणी निघालं. आबा ऐकायचे. म्हणायचे, "पाहुणं, तुम्ही फार चांगलं माणूस. आमच्या पोराला भेटून जावा." शैलजा दोन कप आणायची. एक पाहुण्याचा, एक रिकाम्या जागेचा. आणि पदर डोळ्याला लावून आत जायची.

वैशाखात आबांनी अन्न सोडलं. सगळे समजायचं ते समजले. शेवटच्या संध्याकाळी धैर्यशीलनं आबांचा हात दोन्ही हातांत धरला होता. एकच मागणं होतं त्याचं देवाजवळ, एकच! जाताना आबांनी एकदा आपल्याला नावानं हाक मारावी. पाहुणं म्हणून नको.

साडेसहा वाजले. पुलावर गाडी चढली. दाराशी आली. आज बंद झाली नाही. तशीच चालू राहिली.

आबांनी मान वर केली. तोंडावर ते जुनं सुख. "आला," म्हणाले. आणि मग अगदी अदबीनं, "पाहुणं, हात सोडा. पोरगा थांबलाय."

"मी आहे, आबा! मीच धैर्या! इकडं बघा ना!" — ओरडला हो! जन्मात पहिल्यांदा! शेजारच्या चार घरांतनं माणसं बाहेर आली.

आबा हसले. डोकं हलवलं. "आमचा धैर्या असा वरडत न्हाई, पाहुणं."

आता काय करायचं त्यानं? घट्ट धरून ठेवायचं? बापाला अडवायचं? धैर्यशीलनं त्या हाताला कपाळ लावलं. आणि हात सोडला.

बाहेर गाडीला पहिला गिअर पडला. चाक निघालं. धैर्यशीलनं दहा वर्षं ती गाडी चालवली होती; इंजिनावर ओझं पडलं की ठोका कसा जड होतो, ते त्याला सांगावं लागत नव्हतं. गाडीवर आता दोघं होते. पिंपळाचं वळण, मग पूल, मग काही नाही. खाटेवर आबा होते, पण आबा नव्हते.

त्यानंतर ती गाडी निगवडीत कुणी ऐकली नाही. धैर्यशील अजून साडेसहाला सोप्यात बसतो. त्यानंच मला हे सांगितलं, इतक्या बारीक आवाजात, की मला कान पुढं करावा लागला. शेवटी त्यानं मला विचारलं, "महाराज, आबा ज्याच्याबरोबर गेले तो मीच होतो ना?" मी एवढी कीर्तनं केली.  तरी नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि रडलो.

मंडळी, गाडीवर माझा राग नाही. बाहेर चाळीस लावल्यात, माझीपण एक आहे. पण तुमच्या घरी आत्ता कुणीतरी बसलंय. त्याला तुमच्या चपलेचा आवाज माहीत आहे, फाटकाची कडी तुम्ही कशी काढता ते माहीत आहे, तुमचं खोकणं माहीत आहे. तुम्ही बदलाल, मोठे व्हाल, चौक वळून बघेल तुमच्याकडं. बघू दे. पण ते माणूस ज्याची वाट बघतंय, तो तुमच्यात अजून आहे का, हे आज वाटेत स्वतःला विचारा. दारात पोचायच्या आधी विचारा.

टाळ ठेवा खाली. आजचं नाम मनातल्या मनात घ्या, गजर नको. प्रसाद घ्या आणि उठा. गाड्या जरा लांबवर ढकलत न्या, आणि सरळ घरी जा.