समदी एका गाडीत

…आनि वर तो मलाच म्हनतो, "काका, शिटा काय दाबत बसलाय, इंजिन बगा!" आता तुमीच सांगा मंडळी, इंजिनावर काय माझी अम्मी बसनार हाय व्हय? ती बसनार शिटवर! आवं मी वडूजचा सिकंदर, गाद्यावाला. दोन पिढ्या झाल्या, गावाची कंबर आमच्या कापसावर टेकतीया, आन हा विश्रामबागेतला जुन्या गाड्या इकनारा ऋषिराज मला सांगनार काय बगायचं ते! मी आपला एकेका गाडीत शिरायचो, कोपरानं शीट दाबायचो, फोम कसा वर येतोय ते बगायचो. तो बॉनेट उगडून उन्हात उभा… "काका, हिचा आवाज तरी ऐका!" म्हनलं, "थांब रं, आदी हिची पाठ बगू दे!"

तुमी म्हनशीला, गाद्यावाल्याला एवढी थोरली गाडी कशाला? आवं, मानसं हायत घरात! मी, बायको नूरजहां, पोरगं अश्फाक, अम्मी, धाकटा भाऊ झिशान, त्याची सबीना, त्यांची दोन कारटी, आनि सबीनाच्या कडंवर नुकतंच आलेलं आनि एक. हे लटांबर कुटं निघालं की दोन फटफट्या, आन उरल्यालं वडापच्या जीपमदी, जीप भरंस्तवर खोळंबून. पयली फटफटी निकाहाला पोचती, आन वडापवाली मंडळी शेवटच्या पंगतीला! आमच्या घरातले फोटो बगा, एकाबी फोटोत समदी न्हाईत. आनि आख्खा जलम मांडीवर गेला वो आमचा… मी अब्बांच्या मांडीवर, माझ्या मांडीवर पोरं, पोरांच्या मांडीवर पिशव्या! मला लय काय नको हुतं, तुमाला सांगतो. एवढंच, की समदी एका गाडीत. तान्हं सोडून कुनी कुनाच्या मांडीवर न्हाई, म्होरं अम्मी खिडकीत, मागं पोरांची भांडनं, आन मी आपला आरशातनं बगतोय… समदी एका गाडीत!

आन आत्ताच का घाई? तर माझी थोरली, जीनत. गेल्या साली शिराळ्यात दिली. तिला सातवा लागला, पयलं बाळंतपन म्हायेरात, रीतच हाय. मी व्याह्यांना फोनवर छाती फुगवून सांगून बसलो, "न्ह्यायला आमी समदी येतोय, आपल्या गाडीनं!" व्याही म्हनाले, "तुमची गाडी कवा आली?" आता काय सांगता? म्हनलं, "येतीया… वाटंतच हाय." तेवढ्यात जीनतनं फोन वढून घेतला, "अब्बा, खरंच? समदी? दादीबी?" मंडळी, लेकीचा तसला आवाज लय दिसांनी ऐकला. ती गेल्यापासनं घर खायला उठतंय. लोकांच्या लेकींच्या रुखवताच्या गाद्या भरताना माझा हात मधीच थांबतो, नूरजहां म्हनती, "आवं, टाका की टाका!" आन मी नुसता सुई धरून बसल्याला…

तर गाड्या! पयली काळी. शीट कसली, निव्वळ पाटा! दुसरीची मदली शीट एका अंगाला अशी खचल्याली, की मी म्हनलं, "ऋषिराज, हितं कुनाच्या तरी दांडग्या सासूबाई बसत हुत्या." तिसरीला मागची शीटच न्हाई, काढून कांद्याची पोती भरत हुते! आन मग ती पांढरी इनोव्हा… कोपर घातलं, फोम सुळ्ळकन वर. म्होरची झ्याक, मदली झ्याक, आनि पार मागची तर कोरी करकरीत! म्हनलं, "ह्यावर कुनी बसलंच न्हाई का रं?" तर म्हनतो, "मालकाची पोरं परदेशात हायत काका, दोघंच नवरा-बायको फिरायचे." मला कसंतरीच झालं वो. एवढी मोठी गाडी, आन मागं कुनीच न्हाई! तिच्या पाठीवरनं हात फिरवला, म्हनलं, चल बाय वडूजला, तुझी मागची शीट म्हैन्यात झिजवून देतो! झिशान तिकडं गाडीखालनं वरडतोय, "भाई, इंजिनबी चांगलं हाय!" म्हनलं, "आसंल की, त्याचं त्याला!"

पन मी असा सुखासुखी घेनारा न्हाई! माझ्या दुकानात गिऱ्हाईक आलं की मी त्याला गादीवर झोपवतो आदी, मग भाव. तसंच म्हनलं हितं. गाडी फिरवायची न्हाई, नुसती समद्यांनी बसून बगायची! ऋषिराज म्हनला, "काका, असं कुनी करत न्हाई." "मी करतो." आलं की लटांबर विश्रामबागेत, दोन फटफट्या, एक वडाप! म्होरं मी आन अम्मी. मदी नूरजहां, तान्ह्याला घेऊन सबीना, आन अश्फाक. मागं झिशान आन दोन कारटी. दारं लावली, धाड धाड… आनि काय सांगू तुमाला, बसली! समदी! कुनाचं कोपर कुनाला लागंना! गाडी जाग्यावरच उभी, पन मी आरशात बगितलं आन डोळ्यांत पानीच आलं. अम्मी म्हनती, "सिकंदर, मी आता उतरत न्हाई, अशीच घे." नूरजहांनं तेवढं तोंड उगडलं, "आवं, पर…" म्हनलं, "पर-बिर काय न्हाई! समदी एका गाडीत!"

गाडी घेतली, आन ऐतवारी जीनतला आनायला निघालो. कराडात च्या पिलो, तोबी गाडीत बसूनच, उतरायला कुनी तयारच न्हाई! शिराळ्यात गल्लीच्या तोंडापासनं हॉर्न. व्याही दारात, विहीनबाई दारात, शेजारपाजार दारात. व्याह्यांनी गाडीला एक चक्कर मारली, मी त्यांचा हात धरून शीट दाबून दावली, "बगा, बगा कशी वर येती!" जेवनं झाली. आमी उटलो, आपापल्या जाग्यावर जाऊन बसलो, सवयच लागल्याली. दारं धाड धाड. मी चावी फिरवली. आन खिडकीपाशी जीनत. एका हातात पिशवी, एक हात पोटावर.

"अब्बा… मी कुटं बसू?"

मंडळी, इंजिन चालू. मी मागं वळून मोजलं. परत मोजलं. घरातली समदी मोजली हुती वो मी, अम्मीपासनं त्या कारट्यांपतूर… आन जिला आनायला गाडी घेतली तीच न्हाई! एका सालात… एका सालात लेक माझ्या मोजनीतनं गेली? मागनं नूरजहां हळूच, "मी विश्रामबागेत तेच सांगत हुते." व्याही भले मानूस, म्हनले, "बसंल की मदी, सरका जरा, एका पोराला घ्या मांडीवर." म्हनलं, न्हाई! दोन जिवाची माझी लेक, आन सरकून बसनार? तिला आख्खी शीट! खिडकीची!

उतरलो. चावी झिशानच्या हातात दिली, अश्फाकला मागं धाडला. जीनत बसायच्या आदी कोपरानं शीट परत एकदा दाबून बगितली. ती म्हनती, "अब्बा, तुमी?" म्हनलं, "मला हितं फोमवाल्याकडं काम हाय जरा." ऐतवारी! शिराळ्यात! कसला फोमवाला? तिला कळलं, पन हसली, आन माझ्या हातावर हात ठेवला. मी दार लावलं, हळू. निघाली गाडी. मागच्या काचंतनं दोन्ही कारटी हात हलवत्यात, अम्मीची मान डुलतीया, जीनत काय तरी सांगतीया आन समदी हसत्यात… तुमाला सांगतो, आतनं कदी कळलं नसतं, बाहेरनं काय झ्याक दिसतं वो… समदी एका गाडीत!

मग काय, यष्टी! ही गर्दी, कराडपतूर उभा. कंडक्टर आला. "किती?" म्हनलं, "एक द्या." वर बगितलं त्यानं माझ्याकडं, "ऐतवार असून एकटंच व्हय?"

म्हनलं, "एकटा कशाला? आमी लय हाय. म्होरं गेल्यात समदी… आपल्या गाडीनं!"