लिनक्स, डोंगल आणि सुमनकाकूंची म्हैस

शेणव्याच्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर मी लिनक्स ही फुकटची, कुणाच्याच मालकीची नसलेली सिस्टीम टाकली, ते तुम्हाला सांगायचं राहिलंच. मी बंगळुरूहून नुकताच शिकून आलो होतो. "आता आपण कुठल्याच कंपनीचे गुलाम नाही," असं मी जमलेल्यांना सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि नेटचा डोंगल चालेनासा झाला.

कॉम्प्युटर उचलून शहापूरला नेला आणि दुकानात होते तेवढे डोंगल लावून पाहिले. लिनक्सला एकही पटेना.

"जुनी सिस्टीम टाका ना परत," दुकानदार म्हणाला.

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"मग तत्त्वाला रेंज येते का बघा."

परत आलो तर गावातली ज्योती वाचनालयाच्या दारात उभी. तिच्या नर्सिंगच्या फॉर्मचा तो शेवटचा दिवस होता. माझ्या फोनला गावात रेंज नाही, म्हणून शेजारच्या सुमनकाकूंना बोलावून त्यांचा फोन वायरीने कॉम्प्युटरला जोडला. लिनक्सने तो लगेच ओळखला. फॉर्म अर्धा भरून झाला आणि काकू उठल्या.

"दे फोन. म्हशीच्या धारा काढायच्यात."

"काकू, फोन तेवढा राहू द्या ना."

"नाय रे बाबा. पोरगी बाळंतपणाला दवाखान्यात हाय, कधी पन फोन येल."

"मग तुम्ही बसा इथं. धारा मी काढतो."

"तिला परका हात चालत नाय. माझी साडी गुंडाळून जा."

गेलो. म्हशीने साडी हुंगली आणि मुकाट्याने पान्हा सोडला.

बादली घेऊन परतलो तोवर फॉर्म पूर्ण भरून जमा झाला होता. ज्योती रडत हसत होती. काकूंनी आधी बादलीत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे.

"उद्या कोनाचा फॉर्म हाय रे?"