बांधणीत खोट नाही

अलास्कात धुकं हटायची वाट बघत आम्ही वैमानिक धावपट्टीशेजारच्या खोलीत बसलो होतो. माझ्यामागे दोन म्हातारे बोलत होते.

“अर्विड, घरी जोडायचं ते नवं विमान तू बांधलंस ना? कसं आहे रे? मीही सुटे भाग मागवीन म्हणतो.”

“झकास आहे, लायमन. नदीकाठच्या गोट्यांवरसुद्धा पन्नास पावलांत थांबतं.”

“मग दिसत नाही कुठं?”

“लेक घेऊन गेली होती. डोंगराला धडकली. गेली.”

“अरे देवा! मला कुणी सांगितलंच नाही. काय बिघडलं होतं?”

“काहीच नाही. तपासणीवाल्यांनी खिळा न् खिळा पाहिला. म्हणाले, बांधणीत खोट नाही.”

“म्हणजे तुझी चूक नव्हती, बाबा.”

“म्हणून त्यांनी ती चूक पोरीच्या नावावर लिहिली. माझी एक खोट निघाली असती, तर पोर त्यातून सुटली असती रे.”