सव्वीस बायका, चारशे बाराच्या बाजूने

विल्मा: वन्सं, ताट मांडीवर घट्ट धरा. मघाशी विधानभवनाच्या जिन्यात दोन कोलाचे घरंगळले, मुरांब्याचे पाव कसले, चेंडूच ते. एक तर कुणा सिनेटरच्या बुटापाशी जाऊन थांबला.

ॲग्नेस: त्याने उचलून खाल्ला, मी बघितलं. त्याचं मत आपल्यालाच.

विल्मा: सुनावणीत बोलायचे सगळ्यांचे फॉर्म गेले ना आत?

ॲग्नेस: सव्वीसच्या सव्वीस. न्यू टाबोरच्या एकाही बाईच्या हाती पेन दिलं नाही मी. मागे एकदा रोझाली तारखेच्या जागी स्वतःचा वाढदिवस लिहून आली होती. अडतीस वर्षं व्याकरण शिकवलंय मी, मला एक फॉर्म भरता येणार नाही होय? नाव, गाव, विधेयक चारशे बारा, आणि ‘बाजूने’च्या चौकोनात ठसठशीत खूण.

विल्मा: मला नाही जमायचं हे बोलणं. चर्चच्या तळघरात आपल्या बायकांसमोर बोलणं वेगळं. इथे म्हणे समोर दिवे लागतात.

ॲग्नेस: हिरवा लागला की बोलायचं, पिवळा लागला की आवरायचं, लाल लागला की उठायचं. तीन मिनिटं. सिग्नल बघून गाडी चालवतेस ना?

विल्मा: न्यू टाबोरात सिग्नल कुठे आहे, वन्सं?

ग्रँट: माफ करा, न्यू टाबोरच्या काकू तुम्हीच ना?

ॲग्नेस: मी तुमची काकू कधी झाले? आपण कोण?

ग्रँट: ग्रँट हॉलिस्टर. पाकीटबंद बेकरी संघाचं काम बघतो इथे. म्हणजे या खांबापाशी उभा राहतो आणि सिनेटरांना आत चिठ्ठ्या पाठवतो.

ॲग्नेस: याला काम म्हणतात?

ग्रँट: माझी आईही हेच विचारते. ते असो, मी आभार मानायला आलो. यादी पाहिली आत्ता. सव्वीस गृहिणी, झाडून सगळ्या बाजूने. मला तर भरूनच आलं. लोक म्हणत होते, हे विधेयक कारखानदारांनी घुसवलंय. आता खेड्यातल्या बायाच येऊन सांगणार, घरात भाजलेलं विकणं बंद करा.

विल्मा: काय बंद करा?

ग्रँट: हेच, घरगुती बेकरी. चर्चवाल्यांना, जत्रावाल्यांना सवलत आहे ना, ती काढून घ्यायची. नावातच आहे की, ‘घरगुती पदार्थांच्या विक्रीवरील मनाईतून दिलेली सवलत काढून घेण्याबाबत.’ जरा लांबलंय. मीच लिहिलंय.

ॲग्नेस: कायदा तुम्ही लिहिता?

ग्रँट: मजकूर आमचा, सही सिनेटरची. त्यांना तरी कुठे वेळ असतो? आणि एक सांगतो, कॅमेरा येतोय. चॅनेलवाली मुलगी म्हणत होती, बेकरी संघाची बातमी कोण बघणार, माणसं द्या. म्हटलं, सव्वीस देतो. तुम्ही घाबरू नका. इथली रीतच तुमच्या सोयीची आहे. बाजूने बोलणारे आधी, विरोधातले नंतर. कॅमेरा पाऊण तास थांबतो आणि मग पाचच्या बातम्यांसाठी पळतो. विरोधवाले बोलायला बसतात तेव्हा समोर फक्त जांभया देणारे सिनेटर.

विल्मा: आणि त्या सिनेटरांचं मत कशावर ठरतं?

ग्रँट: पाचच्या बातम्या बघून. लोकांचे फोन सुरू व्हायच्या आत ठरवून टाकतात बिचारे. बरं, येतो मी. ताटात काय आहे? वास छान येतोय.

ॲग्नेस: झाक ते, विल्मा.

विल्मा: गेला तो. वन्सं? वन्सं, तुम्ही पांढऱ्या पडलात.

ॲग्नेस: ‘विक्रीवरील मनाई’ वाचलं, ‘काढून घेण्याबाबत’ वाचलं, वाटलं मनाईच काढतायत, आणि केली खूण. मधली सवलत गिळून टाकली. अडतीस वर्षं पोरांच्या कानीकपाळी ओरडले, वाक्य शेवटपर्यंत वाचा. हसतेस काय?

विल्मा: हसत नाही. नाही, हसतेच आहे. तुम्ही चुकलात, वन्सं. लग्न होऊन बावन्न वर्षं झाली मला. कधीतरी हे बघायला मिळेल अशी आशाच सोडली होती मी.

ॲग्नेस: ऊठ आधी. कारकुनाकडे जाऊन सगळे फॉर्म बदलून घेऊ. सव्वीस चौकोन खोडायला वेळ लागेल.

विल्मा: राहू द्या.

ॲग्नेस: काय राहू द्या?

विल्मा: फॉर्म. तो काय म्हणाला ते ऐकलंत ना? बाजूवाले आधी. कॅमेरा आधी. खूण दुरुस्त केली की आपण जांभयांत जाणार.

ॲग्नेस: ही लबाडी झाली, विल्मा.

विल्मा: लबाडी कसली? खुर्चीत बसले की पहिलं वाक्य तेच म्हणते. खूण चुकली, मी विरोधात आहे. ऊठ म्हणाले तर उठेन.

ॲग्नेस: आणि चूक कुणाची म्हणून सांगशील?

विल्मा: माझी म्हणेन. माझं व्याकरण तुम्हाला ठाऊकच आहे.

ॲग्नेस: आत्ता तर म्हणत होतीस, जमायचं नाही.

विल्मा: अजूनही म्हणते. पण शुक्रवार गेला तर माझ्यापाशी राहतं काय? दर शुक्रवारी पहाटे पाचपासून बायका माझ्या घरी पीठ मळायला येतात. भांडतात, उणीदुणी काढतात, जर्दाळू जास्त की खसखस जास्त यावरून रुसतात. तुम्ही कधी येत नाही म्हणून तुम्हाला तो गलका ठाऊक नाही. त्यांच्यासाठी मी घर झाडते, वन्सं. केस विंचरते. रविवारी चर्चबाहेर विकायचेच नाहीत म्हटल्यावर कोण येणार माझ्याकडे? कॉफी प्यायला?

ॲग्नेस: कॉफी फार पातळ करतेस तू.

विल्मा: तेच म्हणते मी.

ॲग्नेस: बरं. चल मग. बायकांना मी सांगते, प्रत्येकीने आधी चूक कबूल करायची. ताठ मानेने कबूल करायची.

(सुनावणीनंतर. तोच बाक. ताटात एकच कोलाचा उरलेला.)

ॲग्नेस: अध्यक्ष विचारतायत, ‘बाई, आपण बाजूने की विरोधात?’ आणि रोझाली म्हणते, ‘मी खसखशीच्या बाजूने.’

विल्मा: पाचव्या बाईनंतर त्यांनी विचारणंच सोडलं. सहावी बसायच्या आत स्वतःच म्हणाले, ‘खूण चुकली असेल ना? बोला.’

ॲग्नेस: नियमांचं पुस्तक उघडून बसले होते. खूण चुकलेल्या माणसाला उठवा, असा नियमच नाही त्यात. मी पुढे होऊन बघितलं. शेवटपर्यंत वाचलं.

विल्मा: पण ताट आत न्यायला नको होतं. मी आपलं टेबलाच्या कडेला ठेवलं. एका म्हाताऱ्या सिनेटरने गुपचूप एक उचलला, कॅमेरा नेमका त्याच्याकडे वळला.

ॲग्नेस: मग काय, बाकीच्यांनाही एकाएकी भुका लागल्या. सगळ्यांच्या आज्या न्यू टाबोरच्या निघाल्या. एकाची आजी तर स्वीडनची, मला पक्कं ठाऊक आहे.

ग्रँट: सव्वा तास.

ॲग्नेस: या, हॉलिस्टर. बसा.

ग्रँट: सव्वा तास तुम्ही बोललात. माझी पाळी आली तेव्हा कॅमेरावाले कधीच निघून गेले होते. सिनेटरांच्या ओठांना मुरांबा लागलाय, आणि मी त्यांना घरच्या मुरांब्यापासून होणारे आजार वाचून दाखवतोय.

ॲग्नेस: बरं वाचलंत. उच्चार स्वच्छ होते.

ग्रँट: हसा, हसा. एवढे कोलाचे खाताना दिसल्यावर आता कोणी या विधेयकाला हात लावणार नाही. मतालाच घेणार नाहीत ते. अध्यक्ष आत्ताच कानात सांगून गेले. माझ्या संघाला मी काय सांगू?

विल्मा: सांगा, नाव लांब होतं.

ग्रँट: खरं सांगा, डोकं कुणाचं यात? बारा वर्षं या खांबाला टेकून काढली मी. शत्रूच्या रांगेत उभं राहून त्याचाच कॅमेरा खायचा, हे मला कधी सुचलं नाही. कुठल्या संस्थेने शिकवून पाठवलं तुम्हाला?

ॲग्नेस: संस्था कसली. फॉर्म भरताना माझी जरा…

विल्मा: वन्संनी भरले सगळे फॉर्म. एकटीने. विचार करून.

ग्रँट: मानलं, काकू. आमच्या संघात येता का कामाला?

ॲग्नेस: काकू म्हणू नका. आणि तो शेवटचा जर्दाळूचा घ्या. मघापासून डोळा आहे तुमचा.

ग्रँट: कॅमेरा नाही ना कुठे? … हं. … बाई, हे जर पाकिटात घालता आलं असतं ना.

विल्मा: चार दिवसांत दगड होतात.

ग्रँट: तेही संघाला सांगणार नाही. येतो.

ॲग्नेस: भला दिसतो. बोटं चाटत गेला. विल्मा, त्याला खरं का नाही सांगितलंस?

विल्मा: खरंच सांगितलं की. फॉर्म तुम्हीच भरलेत. ‘विचार करून’ तेवढं पदरचं घातलं.

ॲग्नेस: लाल दिवा लागल्यावरही तू बोलत होतीस.

विल्मा: दिसलाच नाही मला.

ॲग्नेस: अध्यक्षांना दिसला. त्यांनी दिव्यावर रुमाल टाकला.

विल्मा: अगंबाई. फार बोलले का मी? बोलण्याच्या भरात तुमच्या भावाचंही नाव निघालं. लेनर्डला आवडलं नसतं, असं चारचौघांत.

ॲग्नेस: ते नाही म्हणत मी. तू म्हणालीस, तो गेल्यापासून घरात माणसाचा आवाज फक्त शुक्रवारी असतो.

विल्मा: हो.

ॲग्नेस: बाकीचे सहा दिवस?

विल्मा: रेडिओ लावते.

ॲग्नेस: मी चार घरं सोडून राहते गं.

विल्मा: हो, वन्सं. ठाऊक आहे मला.