खिशातला पिक

नाई नाई, परत खिशात नोका टाकू पाहुणे. पडला तो पडला. रुमाल काढाले गेले अन् टप्पकन खाली आला — पाहलं मी. गिटारचा पिक आहे तो, तार छेडाची प्लास्टिकची चकती. मले काय समजते म्हणता? बाप्पा, ढिवराचा पोरगा मी, जिंदगीभर तलावात मासोळी धरली, पण ऑर्केस्ट्रात बारा वर्सं बेस वाजवला ह्या सोमाजीनं! बेस म्हणजे ते चार जाड तारांची गिटार — तुमाले तं माहीतच असन. सोयरीक आणणारा पत्रू म्हणे, पोट्टा ऊर्जानगरात पावरहाऊसमंधी आहे, निर्व्यसनी आहे, संगीताचा शौक आहे. पिकचा शौक आहे हे नाई सांगतलं त्यानं! बसा, बसा. तुमचे मामा पत्रूसंग तलाव पाहाले गेले, ते येतवर आपल्याले टाइम आहे. आमची पोरगी साधना आतमंधी गेली, ते काई आता लवकर बाहेर येत नाई. पोहे घ्या.

दाखवा हात. उजवा. काऊन लाजून राह्यले? आमच्या पोरीले तुमच्या मामानं चालून दाखवाले लावलं, पेपर वाचून दाखवाले लावलं, ती नाई लाजली. आणा इकडे — हे पाहा! लोण्यावानी. ह्या बोटाले तार माहीतच नाई. पिकवाल्याचं असंच असते, बोट कोरं ते कोरंच. माह्ये पाहा — हे गट्टे, अर्धे जाळ्याचे अन् अर्धे तारेचे. कसे झाले? आयका. मी सायकलवर मासोळी घेऊन ऊर्जानगरच्या क्वार्टरात जात होतो. तिथी एक केरळचे साहेब, मरळ म्हणलं का जीव टाकत. एक दिवस दारात गेलो तं आतून आवाज — कानात नाई आला पाहुणे, पायात आला. मी टोपली घेऊन उभाच! साहेब बोटानं वाजवत होते — पहिलं बोट, मधलं बोट, पहिलं, मधलं — असं, माणूस सावकाश चालते तसं. म्हणलं साहेब, हे तं मी रोज करतो! गरी पाण्यात टाकून दोरी बोटावर धरली का बोटालेच समजते, मासा चावून राह्यला का नुसता हुंगून राह्यला. साहेब हासले, म्हणे बैस. तवापासून शिकलो. बदली झाली तवा गिटार, आवाजाचा बॉक्स, सगळं मलेच देऊन गेले. आमची घरवाली इंदिराबाई म्हणे — मासोळी नेली अन् लाकूड आणलं का जी?

आता पिक म्हणजे काय? तारेच्या अन् माणसाच्या मधात एक प्लास्टिक. तुमच्या-आमच्या मधात तो पत्रू, तसं! मधातल्या माणसानं बोलणं होते, समजत काई नाई. टक टक टक टक. बरं, खोटं नाई बोलत — फास्ट गाण्याले चालते पिक. बॉक्स फाटका असला तं बोटाचा आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येते, पिकचा पार रोडवर जाते. हे माह्यं म्हणणं नाई हं, जलालुद्दीनचं. ऑर्केस्ट्रा त्याचा. दिवसा कपडे शिवते अन् हंगामात ऑर्केस्ट्रा घेऊन फिरते. त्यानंच मले तोंडावर सांगतलं — सोमाजीभाऊ, आपका बेस पेट में रहता है, बिटिया का कान में आता है.

निंघालं आता तोंडातून. होय, पिकनं वाजवते साधना. माह्या घरात, माह्या गिटारवर, माह्यासमोर! काय करन मी? हे मधलं बोट पाहा — मांगूर मासोळीचा काटा गेला आतमंधी, सुजून एवढं झालं, तवापासून वाकतच नाई. लोकायले मी सांगतो का पोरीले शिकाचं होतं म्हणून ऑर्केस्ट्रातली जागा सोडली. कायची सोडली! एका बोटानं बेस लंगडते. जलालुद्दीन म्हणे पिक घ्या तुमी. म्हणलं मरन, पण पिक नाई घेणार. तं हिनं साबणाच्या डबीचं झाकण कातरलं, पिक केला अन् उभी राह्यली स्टेजवर. मी पुढच्या खुर्चीत. जीव जळत होता — अन् छाती फुगत होती — दोन्ही एका टायमाले, पाहुणे, लय तरास होते.

मागच्या गणपतीचं सांगतो, तुमच्याच ऊर्जानगरात. भर गाण्यात हाताले घाम आला अन् पिक सटकला, गेला स्टेजखाली! मी खुर्चीतून अर्धा उठलो. पण पोरगी थांबली का? नाई थांबली! बोटं लावली तारेले — पहिलं, मधलं, पहिलं, मधलं — गाणं पुरं केलं. कोणाले पत्ता लागला नाई, फक्त मले. घरी आल्यावर म्हणलं, पाहा, शेवटी बोटच कामी आलं ना? म्हणे — बाबा, बोटाले फोड आले, उद्याले पिक पायजेच. अन् दुसरी डबी फोडली. आमच्या घरी साबण आता उघड्यावरच राह्यते.

याच्या आंधी एक कुरखेड्याचा आला होता. धानाची शेती, घर, सगळं बेस्ट. बसल्या बसल्या खुर्चीवर बोटं वाजवत होता — बेताल! म्हणलं, पत्रिका जमत नाई. दुसऱ्याले म्हणलं, गाव लय दूर आहे. तलावाच्या पल्याडचं गाव त्याचं, इथून दिसते! इंदिराबाई म्हणते, तुमाले जावई पायजेच नाई. खरं सांगू? नाईच पायजे. ती गेली तं सांजच्याले ह्या घरात आवाज कोणता राहीन? भांड्यायचा. हे मी तुमाले काऊन सांगून राह्यलो? — घ्या, पोहे घ्या, थंडे झाले.

पण मघाशी तुमचे मामा काय म्हणले? लगन झाल्यावर हा बाजा बंद ना? अन् साधना उठून गेली. मी नाई बोललो, पोरीचा बाप आहे. पण तुमी काऊन चूप बसले? पोह्यातले शेंगदाणे मोजत होते का? बोटानं वाजवा, पिकनं वाजवा, दातानं वाजवा बापा, माह्यं काई म्हणणं नाई — पण स्वतः वाजवणाऱ्यानं तिथी तोंड उघडाले पायजे होतं का नाई? तुमी वाजवाचं अन् बायकोनं गिटार माळ्यावर टाकाची? अशा घरी नाई देत मी पोरगी. पावरहाऊस असो का राजवाडा असो.

काय? — वाजवत नाई म्हणजे? अजिबात नाई? मंग पत्रू शौक म्हणे — आयकाचा शौक. हं. मंग हा पिक कोणाचा? — गणपतीत? समोरच उभे होते? — तिच्या हातातून सटकला ते तुमाले दिसलं? फक्त मलेच दिसलं म्हणत होतो मी तं — तिच्यासाठी नागपूरहून आणला? अजून आहेत? दाखवा. हा पातळ. हा जाड. हा त्याच्याहून जाड — कोणता लागते माहीत नव्हतं, म्हणून सगळे —

अरे मंग मघापासून बोलले काऊन नाई? — मी बोलू देल्लं नाई. हे बरोबर आहे.

मले नोका देऊ. माह्या हातात नोका देऊ म्हणलं ना! मामा येऊन राह्यले, ते पाहा अंगणात. साधना! ये साधना, बाहेर ये व माय. पाहुणे, उभे राहा. मामाच्या समोर तिच्या हातात द्या, अन् त्यायच्या सवालाचं उत्तर तुमच्याच तोंडानं द्या. मी? मी एक शब्द नाई बोलत आता.